थेलॉनवर एकट्यानं निघण्याआधी

थेलॉनवर एकट्यानं कनूनं, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, हलक्या होडीनं जायचं असेल, तर सामानाला हात लावण्याआधी कॅलेंडर उघडा. कॅनडाच्या उत्तरेतली थेलॉन नदी सुमारे ९०० किलोमीटरचा प्रवास करून नुनावुतमधल्या बेकर लेकला मिळते, आणि शेवटच्या टप्प्यात बेव्हर्ली, अ‍ॅबर्डीन, शुल्ट्झ अशी तीन मोठी, उघडीवाघडी सरोवरं लागतात. जुलै उजाडला तरी त्यांच्यावर बर्फ असू शकतो, आणि ऑगस्ट सरत आला की थंडी परत डोकं वर काढते. मधले जेमतेम सात आठवडे आपले. त्यातही मी दर चार दिवसांमागे एक दिवस वाऱ्याच्या नावानं सोडतो. त्या दिवशी तंबूत पडून राहायचं, चिडायचं नाही. जुलैतली रात्र तिथे संधिप्रकाशाएवढीच असते आणि बरेचदा वारा तेव्हाच पडतो, त्यामुळे मोठं सरोवर रात्री दोनला वल्हवायची मनाची तयारी आधीच असलेली बरी.

मग खाणं. दिवसाला ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरा. पस्तीस दिवसांचा प्रवास अधिक सात दिवसांची शिल्लक, म्हणजे जवळपास ३४ किलो. आकडा बघून पहिला मोह होतो तो ‘नदीत मासे आहेतच की’ म्हणण्याचा. जॉन हॉर्नबी या इंग्रज भटक्याला हा मुलूख चांगला ठाऊक होता. १९२६ साली दोन तरुण सोबत्यांना घेऊन त्यानं थेलॉनकाठी लाकडी खोपटं बांधलं, भरवसा कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअर हरणांच्या कळपांवर. कळप हुकले आणि १९२७ मध्ये तिघंही उपासमारीनं गेले. त्यातल्या अठरा वर्षांच्या एडगर ख्रिश्चननं लिहिलेली डायरी पुढे थंड पडलेल्या चुलीत सापडली. तेव्हा मासेमारीचा परवाना जरूर काढा, पण मासा हा वरकड समजा. त्याच्या जोरावर एकाही दिवसाचा शिधा कमी करायचा नाही.

हा सगळा शिधा झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पिंपांत जातो. पिंपं भरली की घरीच पाठीवर घेऊन किलोमीटरभर चालून पाहा. रॅपिड, म्हणजे नदीचा खडकाळ, खळाळता पट्टा टाळायला सामान काठानं वाहून न्यावं लागतं, त्याला पोर्टेज म्हणतात, आणि त्याचा हिशेब क्रूर असतो. सामान दोन खेपांत नेलं तर तीन किलोमीटरची वाट नऊ किलोमीटर होते, तीन खेपांत नेलं तर पंधरा. हॅनबरी नदीमार्गे थेलॉनला येणार असाल तर डिक्सन कॅन्यन आणि हेलन फॉल्सपाशी हा हिशेब पाय आणि खांदे मिळून चुकवतात. जादाचा स्वेटर तिथे बरोबर आठवतो.

आता मुख्य गोष्ट. एकट्याच्या प्रवासात सामानाचे दोनच भाग असतात: अंगावरचं आणि कनूतलं. कनू उलटली आणि वाऱ्यानं पुढे नेली तर कनूतलं सगळं गेलं म्हणून सोडून द्यायचं. म्हणून लाइफ जॅकेटच्या खिशात आपत्कालीन बीकन (उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं छोटं यंत्र), शिट्टी, छोटा चाकू, होकायंत्र, डोक्यावरची मच्छरदाणी, दोन एनर्जी बार आणि बंद पिशवीत लायटर. दुसरा लायटर पँटच्या खिशात. बीकन बॅगेत ठेवणारे लोक मला कळत नाहीत. वाहून गेलेल्या बॅगेतून तो कोणाला हाक मारणार? गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसतं श्वास ताब्यात आणण्यात जातं आणि पुढची दहाएक मिनिटंच बोटं कामाची राहतात. घरी बादलीत बर्फ टाकून दोन-तीन मिनिटं हात बुडवा आणि मग तोच खिसा उघडून तोच लायटर पेटवून दाखवा. माझी पहिल्यांदा चेनच उघडली नव्हती. चेनला आता दोरीचा मोठा फास बांधलेला आहे.

कनू सोळा-सतरा फुटांची, वरून कापडी आच्छादन घालता येईल अशी. घडीची मिळाली तर उत्तम, नदीवर सोडणाऱ्या छोट्या विमानात मावते आणि शेवटी बेकर लेक गावाहून परत आणणंही सोपं जातं. एकटा माणूस मागे बसला की पुढचं टोक वर उचलतं आणि वारा ते हवं तिकडे फिरवतो, म्हणून जड पिंप पुढे. रात्री कनू पालथी घालून दगडाला बांधायची. हे आळसानं एकदाच चुकतं आणि एकदाच पुरतं. जादा वल्हं, चिकटपट्टी, शिवणाचं सामान हे सांगायला नकोच.

डास आणि काळ्या माश्यांसाठी जाळीचं जॅकेट, शिवाय डोक्याच्या दोन जाळ्या. टुंड्रात लाकूड भरवशाचं नाही, तेव्हा स्टोव्ह हवाच. त्याचं इंधन आणि अस्वलासाठीचा स्प्रे प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. दोन्ही यलोनाइफला, म्हणजे विमानानं नदीकडे निघण्याआधीच्या शेवटच्या शहरात, पोचून घ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या पायलटला चढण्याआधी सांगा. नकाशे कागदी. दात महिनाभर आधी दाखवून घ्या.

शेवटी घरच्या एका शांत डोक्याच्या माणसाला मार्ग, तारखा आणि पोलिसांचा नंबर लिहून द्या. त्यात स्पष्ट लिहा की एका दिवसाचा सॅटेलाइट मेसेज चुकला तर काही करायचं नाही, किती दिवस चुकले तर फोन करायचा, आणि तोवर नातेवाइकांना काय सांगायचं. बेकर लेकला पोचल्यावर पहिला फोन त्यालाच, आंघोळ नंतर.