साइट डंपर चालवताना: वजन, उतार आणि खड्ड्याची कड

बांधकामावर खडी, वाळू, मुरूम किंवा ओले काँक्रीट थोड्या अंतरावर हलवणारा साइट डंपर रस्त्यावरच्या टिपरपेक्षा मुळातच वेगळा आहे. त्याचा हौदा चालकाच्या पुढे असतो, माल पुढच्या बाजूला ओतला जातो आणि बहुतेक यंत्रे मधल्या सांध्यातून वाकून वळतात. त्यामुळे टिपरवर हात बसलेल्या चालकालाही स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय हे यंत्र देऊ नये.

माल ब्रासमध्ये येतो, यंत्राची क्षमता मात्र टनांत असते, आणि घोटाळा इथेच होतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला १.६ टन धरली, तरी एका ब्रासचे वजन साडेचार टन भरते; म्हणजे ३ टनी डंपरमध्ये पाऊण ब्रासही घालता येत नाही, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीट घनमीटरला सुमारे २.४ टन असल्याने सव्वा घनमीटरलाच मर्यादा गाठली जाते. हौद्यात जागा शिल्लक दिसते म्हणून आणखी भरू नये. वर आलेला ढीग चालकाची समोरची नजरही अडवतो.

जेसीबीने माल भरताना हँडब्रेक लावून, इंजिन बंद करून चालकाने खाली उतरावे आणि बकेटच्या फेऱ्याबाहेर उभे राहावे.

भरलेला डंपर चढावर पुढे तोंड करून न्यावा आणि तीव्र उतारावरून रिव्हर्समध्ये, मागे लक्ष ठेवणारा माणूस देऊन उतरवावा, म्हणजे हौदा नेहमी चढाच्या बाजूला राहतो. उतारावर आडवे जाऊ नये, वळूही नये. काळ्या मातीच्या जमिनीवर पावसाळ्यापूर्वीच मुरूम टाकून, रोलर फिरवून वाट पक्की करावी.

सर्वांत जास्त जपायचे ते खड्ड्याच्या कडेला. माझ्या मते माल थेट खड्ड्यात ओतूच नये. खड्डा जितका खोल, निदान तितक्या अंतरावर तो ओतावा आणि तिथून जेसीबीने ढकलावा. थेट ओतणे टळत नसेल, तर काठ भक्कम असल्याची खात्री करून, चाके अडतील असा जड ओंडका आधी पक्का बसवावा.

ओली काळी माती हौद्याच्या कोपऱ्यांत धरून बसते. हौदा पूर्ण उचलला तरी ओझे पुढे आणि उंचावर अडकून राहते, मागची चाके हलकी होतात, आणि नेमक्या त्या वेळी चालक माती सुटावी म्हणून पुढे-मागे झटके देतो. अशा झटक्यात मागचे चाक वीतभर उचललेले मी स्वतः पाहिले आहे. हौदा खाली घ्यावा, यंत्र सपाट जागी मागे आणावे, इंजिन बंद करावे आणि फावड्याने माती खरवडून काढावी.

रोलबार (यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट) उभा करून आणि सीटचा पट्टा बांधल्याशिवाय डंपर जागचा हलवू नये. यंत्र कलंडू लागले, तर उडी न मारता स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहावे, कारण उडी मारणारा माणूस बहुधा त्याच बाजूला पडतो ज्या बाजूला यंत्र येत असते.