पुस्तक मिटल्यावर चार वाक्यं: सेमीच्या मुलांना इंग्रजी वाचून लिहायला कसं शिकवावं

सेमी इंग्रजीतल्या आठवीच्या मुलाची विज्ञानाची वही उघडा. अक्षर मोत्यासारखं, उत्तरं बिनचूक, आकृतीला सगळी नावं दिलेली. मग वही मिटून त्याला म्हणा, "यातलं एक वाक्य आता तुझं तू लिही." तो पेनाच्या टोपणाशी चाळा करत बसतो. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर अठरा वर्षं मी हे बघते आहे. पालकांना सल्ला मात्र दरवर्षी तोच मिळतो: रोज दहा शब्द पाठ करून घ्या, इंग्रजी पेपर लावा, घरात इंग्रजीत बोला. या तिन्हींतल्या एकानेही मूल लिहायला लागत नाही. आई मासळी विकून दुपारी दमून घरी येते आणि आजी मालवणीशिवाय बोलत नाही, अशा घराला "घरात इंग्रजी बोला" सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

बोलायचं इंग्रजी वेगळं आणि अभ्यासाचं इंग्रजी वेगळं. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी हा फरक 1979 मध्ये मांडला. परदेशातून आलेली मुलं दोनेक वर्षांत मैदानावर फाडफाड बोलायला लागतात, पण पुस्तकातल्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या मुलांचं तर उलटंच असतं. इथे "कम, सिट, ईट" कानावर पडायच्या आधी "ग्रॅव्हिटेशनल फोर्स" समोर येऊन उभा राहतो. म्हणून आधी बोलता येऊ दे, मग लिहिणं बघू, असं म्हणत थांबू नका. अभ्यासाचं वाचन-लेखन थेट शिकवता येतं. कमिन्स यांचाच दुसरा मुद्दा आपल्या जास्त कामाचा आहे: पहिल्या भाषेत जे पक्कं असतं ते दुसऱ्या भाषेत उतरतं. माझी सगळी पद्धत त्यावर उभी आहे.

उतारा

शंभर ते दीडशे शब्दांचा घ्या, आणि विषय मुलाच्या पायाखालचा असू द्या. मी सुरुवात नेहमी भरती-ओहोटीने करते.

त्याला कारण आहे. किनाऱ्यावरच्या मुलाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) पुस्तकाच्या आधी ठाऊक असतात. आजोबांकडून तिथीचा हिशेबही त्याने ऐकलेला असतो: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. म्हणजे रोज भरती पाऊण तास पुढे सरकते. इंग्रजी उतारा सांगतो की ती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. हे वाक्य वाचल्यावर वर्गात हमखास वाद होतो, आणि मला तोच हवा असतो. पुस्तकातल्या "अबाउट" या एवढ्याशा शब्दाकडे मुलं पहिल्यांदा नीट बघतात ती तेव्हा.

मराठी पुस्तक शेजारी

बालभारतीचे तेच धडे दोन्ही माध्यमांत असतात आणि पीडीएफ फुकट मिळतात. मराठी पान आधी वाचून घ्या. "इव्हॅपोरेशन" दहादा घोकण्यापेक्षा "बाष्पीभवन" एकदा समजणं बरं. मराठी वाचलं की इंग्रजी बिघडतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

वाचन

मोठ्याने वाचायला लावणं पहिल्या दिवशी बंद करा. सुरेख वाचणाऱ्या मुलाला काही कळलेलं नसतं, आणि ते झाकायला मोठा आवाज फार उपयोगी पडतो. मुकाट्याने, पेन्सिल हातात घेऊन वाचू दे.

पेन्सिलीला एकच काम: प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधून त्याला गोल करणं. मराठी वाचणारं मूल क्रियापदाची वाट वाक्याच्या शेवटापर्यंत बघतं, कारण आपल्याकडे ते तिथेच भेटतं. इंग्रजीत ते मधेच येऊन गेलेलं असतं आणि शेवटी मुलाच्या हातात भलतंच नाम उरतं. गोल झाला की विचारा: कोण करतं? काय करतं?

दुसरी अडचण लांबलचक नामांच्या गाडीची. "द ग्रॅव्हिटेशनल पुल ऑफ द मून ऑन द वॉटर ऑफ द ओशन्स" असं आलं की मुलं गळाठतात. त्यांना शेवटच्या डब्यापासून वाचायला लावा: समुद्रांच्या, पाण्यावरची, चंद्राची, गुरुत्वाची ओढ. उलटं वाचलं की मराठी सरळ होते. हे एकदा दाखवलं की मुलं स्वतःच असले डबे सोडवायला लागतात. मला हे कोणी दाखवलं नव्हतं, कॉलेजात माझी दोन वर्षं त्यात गेली.

सोपे दिसणारे शब्द तेवढे आधी सांगून टाका. "स्प्रिंग टाइड" म्हटलं की निम्मा वर्ग वसंत ऋतू समजतो. त्याचा ऋतूशी संबंध नाही. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ते हे.

वाचलेलं लिहिणं: सगळं इथे अडतं

सुरुवातीची सहा वर्षं मी "स्वतःच्या शब्दांत लिहा" असं सांगत होते. यापेक्षा वाईट सूचना मला माहीत नाही. ज्या मुलाकडे इंग्रजीत स्वतःचे शब्दच नाहीत, त्याने ते आणायचे कुठून? मुलं पुस्तकातलं वाक्य घेऊन "कॉजेस"च्या जागी "मेक्स" टाकत आणि वही पुढे करत. बाजारातली गाइडं याच्याही पुढची. त्यांत ते बदललेलं वाक्यसुद्धा तयार मिळतं. चिडून मी पुस्तक उघडायलाच बंदी केली. त्या आठवड्यात बत्तीसपैकी एकोणतीस वह्या कोऱ्या आल्या.

तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, समाजला हा, पण लिवूक येणा नाय." मी म्हटलं, मालवणीत सांग. ती तीन मिनिटं बोलली. चंद्र ओढतो, पाणी चढतं, दुसऱ्या दिवशी चंद्र पुढे सरकलेला असतो म्हणून भरती उशिरा. कारण आधी, परिणाम नंतर, कुठे घोटाळा नाही. विचार तिच्याकडे पूर्ण होता. त्या विचारापासून इंग्रजी वाक्यापर्यंत न्यायचं काम माझं होतं आणि ते मी केलंच नव्हतं. आता ते असं करते.

एसटीच्या जुन्या तिकिटाएवढी चिठ्ठी प्रत्येकाला द्या. उताऱ्यातून तिच्यावर सहाच शब्द उतरवायचे: मून, पुल, राइज, ट्वाइस, 50 मिनिट्स, न्यू मून. त्यांत दोन तरी क्रियापदं हवीत. पुस्तकातले लागोपाठ तीन शब्द चिठ्ठीवर दिसले की चिठ्ठी परत. मोठा कागद देऊ नका, मोठ्या कागदावर अख्खी वाक्यं येतात.

मग पुस्तकं माझ्या टेबलावर जमा होतात. दप्तरात ठेवलेली चालत नाहीत. चिठ्ठीकडे बघून शेजाऱ्याला घरच्या भाषेत सगळं सांगायचं. शेजाऱ्याने मधे एकच प्रश्न विचारायचा: "कित्याक?", म्हणजे "का?" जिथे "कित्याक" आलं तिथे चिठ्ठीवर छोटी फुली. पुढे त्या फुलीच्या जागी "बिकॉज" येतं. मालवणीला वर्गाबाहेर ठेवणाऱ्या शिक्षकांना मी कळकळीने सांगते, या दहा मिनिटांत मूल ज्या क्रमाने बोलतं तोच क्रम उद्या त्याच्या इंग्रजी परिच्छेदात उतरतो. ही दहा मिनिटं खाऊ नका.

आता फळा. खडू माझ्या हातात, शब्द मुलांचे. चार वाक्यांना चाळीस मिनिटं लागतात आणि ती लागू द्यायची. मूल सांगेल ते चुकीसकट फळ्यावर लिहायचं. पहिलं वाक्य बहुतेक वेळा येतं: "मून वॉटर पुल्स." चंद्र पाणी ओढतो, मराठीच्या क्रमाने अगदी बरोबर. मी ते तसंच लिहिते आणि वर्गाला विचारते, इंग्रजीत ओढणारा आणि ओढलेला यांच्या मधे कोण उभं राहतं? कोणीतरी ओरडतं, "पुल्स!" मग मी पुसत नाही, "पुल्स"वरून बाण काढून तो मधे नेते आणि खाली लिहिते, "द मून पुल्स द वॉटर." बाण फळ्यावर राहू द्या. त्या तासाला शिकवायचं ते त्या बाणातच आहे.

दुसरी ठरलेली चूक जोडीची. "बिकॉज द मून पुल्स द वॉटर, सो द वॉटर राइजेस." तसंच "ऑल्दो" आलं की मागोमाग "बट" येतं. मुलांना रागावू नका. मराठीत जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा अशा जोड्याच असतात, एकटा "जरी" आपल्या कानाला अर्धवट वाटतो. इंग्रजीला मात्र एकच पुरतो. मी दोन्ही शब्दांना चौकट करते आणि मुलालाच फळ्यापाशी बोलावून एक पुसायला लावते. कोणता ते त्याने ठरवायचं, दोन्ही चालतात. नियम सांगून जे वर्षभरात झालं नसतं ते तीन-चार वेळा हाताने पुसल्यावर होतं.

चार वाक्यं झाली की फळा पुसा. खरोखर पुसा. इथे हात आखडतो, इतकी मेहनत केलेली असते, मुलंही "बाई, उतरवून घेऊ?" म्हणून गयावया करतात. मी एकदा दया दाखवली आणि सगळ्या वह्यांत तोच परिच्छेद, त्याच स्वल्पविरामांसह आला. मोबाइलवर फोटोही नको. आता मुलाकडे उरते ती फक्त चिठ्ठी. पंधरा मिनिटं, चार वाक्यं, ज्याची त्याने. वाकडीतिकडी येतील. ती त्याची असतील.

गाळलेल्या जागांचे सांगाडे, म्हणजे "द टाइड राइजेस बिकॉज अमुक" असे छापील नमुने, पहिले दोन आठवडे वापरा आणि मग काढून घ्या. मी एका वर्गाला ते दिवाळीपर्यंत देत राहिले. सहामाहीच्या पेपरात सांगाडा नव्हता आणि मुलं थिजली. त्या मुलांना पुन्हा उभं करायला मला वार्षिक परीक्षेपर्यंतचा सगळा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तोच सांधा, विषय नवा: पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर का ओढून ठेवतात? समुद्र खवळलेला असतो, माशांचा प्रजननाचा काळ असतो, म्हणून बंदी असते. कारण-परिणामाची तीच घडण, पण पुस्तकात हे उत्तर नाही, म्हणजे उतरवायला काही नाही. जमलं तर समजा कालचं शिकणं झालं. नाही जमलं तर पुन्हा फळ्यावर एकत्र. घाईत फळ्याची पायरी गाळून थेट एकट्याने लिहायला लावणं, ही चूक मी नव्या शिक्षकांना सगळ्यात जास्त करताना बघते.

तपासणं

एका वहीत एकाच जातीची चूक तपासा. पहिला महिना फक्त क्रियापदाची जागा. दुसरा महिना जोडशब्द. तिसऱ्या महिन्यात "पुल" आणि "पुल्स". बाकीचं दिसलं तरी लाल पेन उचलायचा नाही. पालक येऊन विचारतात, "बाई, ह्या चुका ठेवल्या कशा?" त्यांना हा क्रम समजावून सांगा, ते ऐकतात. "अ" आणि "द" सगळ्यात शेवटी. आपल्या भाषेत ते नाहीतच, त्यामुळे त्यांना वर्षं लागतात, आणि त्यांच्यापायी पानभर लाल रेघा बघून मूल लिहिणंच सोडतं.

पुढे

कारण-परिणाम पक्का झाला की कृती घ्या. त्यासाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झकास: साल काढायची, मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, पुन्हा भिजवायची. "फर्स्ट, देन, आफ्टर दॅट" आणि "इज ड्राइड, इज सोक्ड" हे सगळं आमसुलात मिळतं. विज्ञानाच्या प्रयोगाची कृती हीच मुलं नंतर विनासायास लिहितात. नववी-दहावीला सारांश येतो तो याच चिठ्ठीवरून करता येतो, नवीन काही शिकवावं लागत नाही.

आठवड्याला दोन तास पुरतात. गणपतीच्या सुट्टीनंतर मात्र दोन दिवस सगळ्यांना फळ्यापासून सुरू करा, मधल्या दिवसांत बाण विसरलेला असतो.

जूनमधल्या चिठ्ठ्या टाकू नका, डब्यात नावानिशी ठेवा. मार्चमध्ये मी भरतीची तीच चिठ्ठी परत हातात देते आणि लिहायला सांगते. गेल्या वर्षी एका मुलीची जूनची वाक्यं दोन होती, तीही मोडकी. मार्चमध्ये नऊ आली. त्यातलं सातवं मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे: "द बुक सेज अबाउट 50 मिनिट्स, बट माय ग्रँडफादर सेज 45 मिनिट्स, बिकॉज ही काउंट्स द तिथी."