परफॉर्मन्स कार निवडताना या चुका टाळा (पहिली मी स्वतः केली आहे)

"दोन गाड्यांत अडकलोय. एक ४.५ सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर गाठते, दुसरीला ५.१ लागतात. कोणती घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "दोन्हींत बसलास का?" उत्तर ठरलेलं असतं, "ते नंतर बघू, आधी कागदावर फायनल करू."

असं कागदावर फायनल करून मी एक गाडी घेतली होती. एक्सेलमध्ये तक्ता केला होता: पॉवर, टॉर्क (इंजिनचा पिळायचा जोर), वजन, ०–१०० (शून्यावरून ताशी शंभर गाठायचा वेळ), शंभरवरून थांबायचं अंतर. प्रत्येक रकान्याला गुण दिले. पहिल्या आलेल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली ती वीस मिनिटांची, सरळ रस्त्यावर, एसी आणि गाणी चालू ठेवून. पंधरा दिवसांत लक्षात आलं की क्लच सोडताना डावा गुडघा स्टेअरिंगखालच्या प्लास्टिकला घासतो. ब्रेक आणि एक्सलरेटरचे पेडल इतके वरखाली होते की ब्रेक मारता मारता टाचेने रेस देणं जमेना. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाले की, धाडकन ढकलायचा आणि ४५०० नंतर सगळं थंड. वेगमर्यादा दुसऱ्या गिअरमध्येच संपायची, मजा सुरू व्हायच्या आत. अकराव्या महिन्यात विकली. तक्त्यात पाचव्या नंबरवर आलेली गाडी एका मित्राने घेतली होती. ती एकदा चालवायला मागून घेतली आणि परत देताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो.

०–१०० हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमचा नसतो. तो बहुतेक वेळा लाँच कंट्रोल (जागेवरून चाकं न घसरता जोरात सुटायची यंत्रणा) लावून, गरम टायरवर, चांगली पकड असलेल्या डांबरावर काढलेला असतो. अमेरिकी पद्धतीच्या चाचण्यांत तर पहिला फूटभर सोडून घड्याळ सुरू करतात. त्यातच दोन-तीन दशांश सेकंद वाचतात. तुम्ही रोज सिग्नलला लाँच कंट्रोल लावणार असाल तर पुढचं वाचू नका. बाकीच्यांनी चालत्या गाडीचा आकडा बघावा: ८० ते १२०, तोही वरच्या गिअरमध्ये. ओव्हरटेक करताना तोच कामाला येतो.

टॉर्कचंही तेच. "हिला ३५० न्यूटन मीटर आहे, ती फक्त २०८ ची," असं म्हणत लोक डिझेल सेडानची तुलना होंडा एस२००० या पेट्रोल स्पोर्ट्स कारशी करतात. एस२००० चे ते २०८ न्यूटन मीटर ७५०० आरपीएमला मिळतात आणि ८३०० ला २४० पीएस पॉवर. टॉर्क गुणिले आरपीएम म्हणजे पॉवर. इंजिन इतकं वर फिरतं म्हणून गिअर आखूड, म्हणजे इंजिनाचा जोर जास्त पटीने वाढवणारे, ठेवता येतात आणि चाकाला जोर मिळतो. इंजिनचा नुसता टॉर्क बघून गाडी निवडणं म्हणजे पगार न विचारता फक्त ताशी दर बघून नोकरी धरणं.

पीएस आणि बीएचपी ही पॉवरची दोन वेगळी मापं आहेत, एकच समजू नका. ३०० पीएस म्हणजे साधारण २९६ बीएचपी. या चार घोड्यांवरून रात्रभर भांडलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मनाचं ऐकणाऱ्यांकडे वळतो, कारण तेही काही कमी नाहीत. माझ्या ओळखीच्या एकाने जुनी स्पोर्ट्स कार केवळ एक्झॉस्टच्या आवाजावर घेतली. खाली वाकून बघितलंच नाही. पहिल्याच लांब उतारावर, सातव्या की आठव्या वळणाला, ब्रेकचं पेडल मऊ पडत पडत तळाला टेकलं. हँडब्रेक आणि खालचा गिअर लावून कसाबसा थांबला. ब्रेक ऑइल कोणी वर्षानुवर्षं बदललंच नव्हतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलं की ही हद्द १५५ च्या आसपास येऊ शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. पाय वाफ दाबतो, ब्रेक नाही.

दिलाने गाडी घ्यायला माझी हरकत नाही. टोयोटा जीटी८६ ही छोटी स्पोर्ट्स कार आली तेव्हा कागदावर २०० पीएस आणि २०५ न्यूटन मीटर एवढंच होतं, वर कमी पकडीचे टायर मुद्दाम दिले होते, म्हणजे कमी वेगातही मागची बाजू खेळती राहावी. तक्त्यात ती हरते. वळणात शिरताना हातातलं स्टेअरिंग जे सांगतं त्याला रकाना नाही. माझी सवय अशी: आकड्यांनी नको त्या गाड्या कापायच्या, उरलेल्या दोन-तीनांतून हाताने आणि पाठीने निवडायची.

पहिल्या टेस्ट ड्राइव्हला टोकन देऊ नका. घाईच असेल तर भाड्याने घ्या आणि हौस फेडा.

जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकचा लॅप टाइम (एका फेरीचा वेळ) विसरा. त्या २०.८ किलोमीटरवर व्यावसायिक चालक असतो आणि बहुतेकदा ट्रॅकचे टायर.

टेस्ट ड्राइव्हला मी सकाळी इंजिन थंड असताना जातो आणि बोनेटला हात लावून बघतो. आधीच कोमट असेल तर कोणीतरी काही लपवतंय. गाणी बंद, काच खाली. अर्धा तास तरी गर्दीत, मग खराब रस्ता, शेवटी मोकळा. निघताना टायरवरचा चार आकडी कोड वाचतो. '२३१९' दिसलं तर ते टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले. वरची नक्षी कितीही नवी दिसो, नव्या चार टायरचे पैसे किमतीतून वजा करूनच मी बोलायला बसतो.