मेमरी जग करताना लेप तळहाताएवढाच

अमेरिकेच्या दक्षिण भागात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेली ही लोककला: साध्या सुरईला पुट्टीचा नाहीतर गिलाव्याचा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यात बटणं, किल्ल्या, शिंपले, मणी, फुटक्या कपबशांचे तुकडे दाबून बसवायचे. याला म्हणतात मेमरी जग.

घरी करायचा असेल तर सगळी सुरई एकदम लिंपू नका. एम-सीलसारखी पुट्टी मळल्यावर फार वेळ थांबत नाही. तुम्ही आजीचं कोणतं बटण कुठे बसवायचं याचा विचार करत बसता आणि तोवर ती दगड झालेली असते. आधी सुरईला सँडपेपर मारून घ्या. मग परातीत तांदूळ पसरून तिला आडवी ठेवा, म्हणजे ती लोळत नाही आणि वस्तूही घसरत नाहीत. तळहाताएवढा लेप लावा, त्यात वस्तू निम्म्या रुतवा, पूर्ण वाळू द्या, मग सुरई फिरवा. हातात मोजे हवेतच.

जड वस्तू बुडाकडे. लोखंडी किल्लीला आधी रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या. मी कंटाळा केला, आणि पावसाळ्यात माझ्या जुन्या ट्रंकेच्या किल्लीभोवती गंजाचा तपकिरी ओघळ उतरला. तो अजून आहे.

एकदा रुतलेली वस्तू सहसा धड निघत नाही, म्हणून मंगळसूत्राची वाटी वगैरे यात घालू नका. फोटो लावायचाच तर झेरॉक्स लावा.