फोटोमागची गोष्ट त्याच रात्री लिहून ठेवा

सगळ्यात मोठी गोष्ट आधीच सांगून टाकतो. फोटो काढला त्याच रात्री, झोपायच्या आधी, त्याच्यामागे काय झालं ते लिहून ठेवा. दहा ओळी का होईना. बाकीचं सगळं नंतर शिकता येतं, ही एक गोष्ट नंतर करता येत नाही.

माझ्याकडे पेंच, कऱ्हांडला, नागझिरा, ताडोबा, झालंच तर आपलं नागपूरचं गोरेवाडा अन् अंबाझरी असे मिळून हजारो फोटो आहेत, अन् त्यातल्या बहुतेकांबद्दल आज मला फक्त तारीख सांगता येते, ती पण कॅमेऱ्यानं लिहून ठेवली म्हणून. एक सांबर आहे, पोटापर्यंत पाण्यात उभं, तोंडातून शेवाळ लोंबून राहिलं, मागे धुकं. घरी आलेला प्रत्येक जण त्या फोटोपुढे थांबतो अन् विचारतो भाऊ हा कुठला, अन् मला तो पाणवठा सांगता येत नाही, सोबत कोण होतं ते पण नाही. ज्या फोटोंचं त्या रात्री लिहिलं ते मात्र आजही वाचलं की जिप्सीचा तो लोखंडी पाईप हाताला थंड लागतो.

हे मोठमोठ्यांचं पण होतं. अँसल ॲडम्सचा तो न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचा फोटो तुम्ही पाहिला असेल, काळं आकाश, वर चंद्र अन् खाली कब्रस्तानातले पांढरे क्रॉस उजळलेले. गाडीतून जाताना दिसलं, गाडी थांबवली, घाईघाईत कॅमेरा लावला तर उजेड मोजायचं मीटर सापडेना, मग चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा त्यांना पाठ होता त्यावरून हिशेब केला अन् एक फोटो घेतला, दुसरा घ्यायला जातात तोवर क्रॉसवरचं ऊन गेलं. हे सगळं त्यांना आठवत होतं, पण तारीख नाही! १९४० पासून १९४४ पर्यंत वेगवेगळी सालं त्या फोटोखाली छापून आली. शेवटी खगोलवाल्यांनी चंद्र कुठे आहे त्यावरून गणित केलं, आधी ३१ ऑक्टोबर १९४१ निघालं, मग १९९१ मधे डेनिस डी चिको यांनी ते सुधारून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद असं नक्की केलं. आपल्या फोटोसाठी कोणी एवढं गणित करणार नाही, म्हणून आपणच लिहायचं.

आता कसं ते. घरून निघायच्या आधी कॅमेऱ्याचं घड्याळ बघा, बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ते मागे जातं किंवा भलतंच साल दाखवतं. अन् ट्रिपमधला पहिला फोटो मोबाईलच्या स्क्रीनवरच्या घड्याळाचा काढा. कॅमेऱ्याची वेळ चुकलेली असली तरी त्या एका फोटोवरून किती मिनिटांचा फरक आहे ते कळतं अन् मग सगळ्या फोटोंची खरी वेळ लावता येते.

जंगलात असताना फार लिहायचं नाही, तिथे बघायचं. दोन शब्द टिपून ठेवायचे बस, मोबाईल नेऊ देतात तिथे त्याच्यावर हळू आवाजात व्हॉइस नोट केली तरी चालते, पण ताडोबात सफारीला मोबाईल नेता येत नाही म्हणून मी शर्टाच्या खिशात मावेल अशी वही अन् पेन्सिल ठेवतो. पेनच का नाही तर पहाटेच्या दवात कागद ओला होतो अन् शाई पसरते, पेन्सिलीचं जसंच्या तसं राहतं. अन् साधे फोटो पण काढत जा, गेटवरची पाटी, गाडीचा नंबर, पहाटे चहा घेतला ती टपरी, परत येताना खाल्लेले तर्री पोहे. हे कुठे टाकायचे नाहीत, पण रात्री लिहायला बसलं की दिवस ओळीनं डोळ्यापुढे येतो.

रात्री लिहिताना मी स्वतःला तीन-चारच गोष्टी विचारतो. फोटोच्या आधी काय चाललं होतं, चौकटीच्या बाहेर काय होतं, कानावर काय पडून राहिलं होतं, कोण काय बोललं. अन् एक अजून, मला काय पाहिजे होतं अन् काय मिळालं. फोटोत जे दिसतं ते लिहायचंच नाही, ते वाचणाऱ्याला दिसून राहिलं आहे ना. दिसत नाही ते लिहायचं.

एक नमुना देतो म्हणजे कळेल. पेंचमधला मार्च महिन्यातला फोटो आहे, सिल्लारी गेटकडून गेलो होतो, फोटोत काय तर धुळीत वाघाचा एक पंजा अन् त्याच्यात दबलेलं पळसाचं फूल. बस. त्याच्याखाली मी आधी ग्रुपवर टाकलं होतं ‘निसर्गाची किमया, जंगलाच्या राजाची पाऊलखूण’. हे वाक्य जगातल्या कोणत्याही पंजाच्या फोटोखाली चालतं, म्हणजेच ते या फोटोचं नाही. मग वहीत त्या रात्रीचं सापडलं ते असं (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की वांदरं, हरणं देतात तो इशाऱ्याचा आवाज) :

‘पावणेसहा. डावीकडच्या नाल्यातून वांदराचा कॉल दोनदा आला अन् बंद झाला. गाईड म्हणाले गाडी बंद करा. इंजिन थंड होताना टिक टिक वाजत होतं, तेवढाच आवाज. सगळे समोर बघत होतो. वीस मिनिटं काहीच नाही. गेट बंद व्हायची वेळ झाली म्हणून गाडी वळवली तर पन्नास पावलं मागे रस्त्यावर पंजे, आमच्याच टायरच्या नक्षीवर. येताना नव्हते. आम्ही समोर बघत होतो, ती मागून गेली. गाईड म्हणाले मादी आहे, पंजा लांबट आहे बघा. खाली उतरता येत नाही म्हणून कडेवरून वाकून काढला. फूल अजून ओलं होतं.’

आता तोच फोटो पुन्हा बघा. ‘टायरच्या नक्षीवर’ हे वाचल्यावर लोकं फोटो मोठा करून ती नक्षी शोधतात, मला किती जणांनी सांगितलं की आधी दिसलीच नव्हती. वाघ एका पण फोटोत नाही त्या दिवशी, अन् माझ्या मते माझ्याकडच्या वाघांच्या सगळ्या फोटोंपेक्षा तो फोटो चांगला आहे.

तुम्ही तिथे काऊन होता हे पण लिहा, त्यातच पुष्कळदा खरी गोष्ट असते. विंडोज एक्सपीचं ते हिरव्या टेकडीचं वॉलपेपर आठवते ना, आपल्या सगळ्यांच्या नेट कॅफेतल्या काळातलं? ते चित्र नाही, खरा फोटो आहे, चार्ल्स ओरिअर यांनी जानेवारी १९९६ मधे कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला, ते मैत्रिणीला भेटायला गाडीनं चालले होते, नुकताच पाऊस होऊन गेला होता, रस्त्यात दिसलं म्हणून थांबले. अन् ती टेकडी एवढी मोकळी हिरवी का, तर तिथे द्राक्षाचे मळे होते, वेलींना कीड लागली म्हणून उपटून टाकले होते अन् त्याच्यावर गवत उगवलं होतं. काटोल-वरूडकडे डिंक्या रोग लागल्यावर संत्र्याची झाडं काढून टाकतात, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला त्या हिरव्या रंगाकडे आता वेगळ्या नजरेनं बघावं लागते. फोटो तोच आहे, पण त्या जमिनीवर कोणाचं तरी नुकसान होऊन गेलं होतं हे फोटो सांगत नाही, ते माणसाला सांगावं लागतं.

माणसांचे फोटो असले तर नाव विचारा, परवानगी घ्या, अन् फोटो त्यांच्यापर्यंत पोचवा. स्टीव्ह मकरी यांनी १९८४ मधे पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, १९८५ मधे तो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला अन् सगळ्या जगानं पाहिला, पण तिचं नाव शरबत गुला आहे हे २००२ मधे ती पुन्हा सापडली तेव्हा कळलं. तोवर तिनं स्वतःचा तो फोटो पाहिला पण नव्हता. मी पण हे केलं आहे अन् मला ते अजून टोचतं. मोहफुलं वेचणाऱ्या एक काकू होत्या, उमरेडकडच्या एका गावाबाहेर, पहाटेचं कोवळं ऊन टोपल्यावर आलं होतं, मी रस्त्यावरूनच झूम करून काढला अन् निघालो, न विचारता. पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसात प्रिंट घेऊन गेलो तर त्या भेटल्या नाहीत, ते शेत पण नक्की कोणतं ते सापडेना. आता मी आधी उतरतो, राम राम करतो, बसतो, मग विचारतो. ऊन निघून जातं कधीकधी, जाऊ द्या. अन् गाईडभाऊंचं श्रेय लिहायला विसरू नका, कॉल त्यांनी ऐकलेला असतो, आपण फक्त बटण दाबतो. त्यांना चालत असेल तर नावानिशी लिहा.

खरं लिहा. हे सांगावं लागतं कारण गोष्ट लिहिताना हात थोडा सुटतो, दहा मिनिटांचा तास होतो, वाघ उगाच जवळ येतो. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या मोठ्या स्पर्धेत २००९ चा पहिला नंबर एका लांडग्याच्या फोटोला होता, फाटकावरून उडी मारणारा, नंतर परीक्षकांना वाटलं की तो पाळलेला, शिकवलेला लांडगा असावा, अन् बक्षीस काढून घेतलं. २०१७ मधे एका विभागाचं बक्षीस वाळवीच्या वारुळाजवळच्या मुंगीखाऊच्या फोटोला होतं, तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचं परीक्षकांचं मत झालं अन् २०१८ मधे तो फोटो पण बाद. दोन्ही फोटो दिसायला जबरदस्तच होते. पण त्यांच्यासोबत जी गोष्ट दिली होती तिच्यावर विश्वास राहिला नाही, अन् मग फोटोकडे बघायची इच्छाच उरत नाही. तुम्ही दाणे टाकून पक्षी बोलावला असेल तर तसं लिहा, कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावला असेल तर ते लिहा. आपल्या नयन खानोलकरांचा मुंबईच्या आरे कॉलनीतला बिबट्या कॅमेरा ट्रॅपचाच आहे, रात्री घरांच्या मधल्या गल्लीतून चालत येणारा, त्याला २०१६ मधे त्याच स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. त्यांनी ते लपवलं नाही, अन् बिबट्या जातो कुठून, तिथली माणसं त्याच्याशेजारी राहतात कशी, हे समजून घेऊन कॅमेरा लावणं हीच तर त्या फोटोची गोष्ट आहे.

काही गोष्टी लिहायच्या नसतात. घुबडाची ढोली, धनेशाचं घरटं, वाघिणीनं पिल्लं ठेवलेला नाला, यांची जागा लिहू नका, ‘नागपूर जिल्हा’ एवढं पुष्कळ झालं. मोबाईलच्या फोटोत लोकेशन आपोआप बसतं, ते टाकायच्या आधी काढा. अन् जनावराला त्रास झालेला असेल तर तो फोटो वाहवा मिळवायला टाकू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला कऱ्हांडल्यात गाड्यांनी एका वाघिणीला अन् तिच्या पाच पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवून धरलं होतं, ते व्हिडिओ फिरले अन् हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधून पण कोणीतरी ‘जवळून सायटिंग’ म्हणून फोटो काढलेच असतील. तो फोटो कितीही शार्प असला तरी त्याच्यामागे काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

ठेवायचं कसं, तर सोपं ठेवा. फोल्डरला तारीख अन् जागा, त्याच्यात एक साधी टेक्स्ट फाईल, तिच्यात फोटोचा नंबर अन् खाली गोष्ट. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याच्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, म्हणून मित्राकडून फोटो घ्यायचा असेल तर डॉक्युमेंट करून पाठवायला सांगा. अन् दोन ठिकाणी कॉपी ठेवा, माझी एक हार्ड डिस्क गेली तेव्हा वहीतल्या गोष्टी राहिल्या अन् फोटो गेले, आता त्या गोष्टीच फोटोसारख्या वाचतो.

घरातल्या जुन्या फोटोंचं काम तर आजच सुरू करा, कारण सांगणारी माणसं आज आहेत. फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसायचं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करायचं अन् ‘हा कुठला फोटो’ असं विचारायचं नाही, ‘तुमच्या बाजूला कोण उभं आहे’ असं विचारायचं, एक माणूस सापडला की बाकीचे मागोमाग येतात. साल आठवत नसेल तर फोटोतच शोधा. दीक्षाभूमीचा पूर्ण झालेला स्तूप असेल तर २००१ च्या आसपासचा किंवा नंतरचा, नागपूर मेट्रोचे खांब असतील तर गेल्या दहा-बारा वर्षांतला, पळस फुललेला असेल तर होळीच्या आगेमागे, बहावा असेल तर भर उन्हाळा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं पुढे वळ उठतो, अन् चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत पाकिटात ठेवा.

आमच्याकडे रामटेकचा एक आहे. गडाच्या पायऱ्यांवर सहा जण, ऊन डोळ्यावर आलेलं म्हणून सगळे डोळे बारीक करून. कित्येक वर्षं घरात वाद, आजोबा त्या वर्षी सोबत होते की नव्हते, कारण फोटोत ते नाहीत. मागच्या महिन्यात आत्याजवळ बसलो, रेकॉर्डिंग लावलं. तिनं आधी सगळ्यांची नावं सांगितली, मग त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला गेलो होतो म्हणाली, वांदरानं तिच्या हातातला प्रसाद ओढून नेला होता अन् ती रडून राहिली होती म्हणून तिचं तोंड असं आहे. मग बोट खालच्या कोपऱ्यावर नेलं. तिथे पायरीवर एक सावली आहे, आम्ही आजवर ती झाडाची समजत होतो. नीट पाहिलं तर दोन कोपरं बाहेर काढलेली अन् मान खाली, छातीशी धरायच्या जुन्या डब्याच्या कॅमेऱ्यात वाकून बघतात तशी.

चिठ्ठीवर सहा नावं लिहिली होती. त्याच्याखाली लिहिलं : सावली, आजोबा.