‘क्यू’वाल्यामागे कोण? फँटसी फुटबॉलच्या एका आठवड्याची तयारी

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना फँटसी फुटबॉल ऑफिसातच भेटतो. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा आपण काल्पनिक संघ बांधायचा, आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. ऑगस्ट संपताना कोणीतरी ‘एक टीम कमी पडतेय’ म्हणून ओढून नेतो, ड्राफ्ट (खेळाडूंची आळीपाळीने निवड) होतो, आणि मग दर आठवड्याला एका सहकाऱ्याशी गाठ. ड्राफ्टबद्दल सगळेच बोलतात. इथे फक्त एका आठवड्याच्या मॅचअपची तयारी लिहितोय, मंगळवार ते सोमवार.

लिहिण्याचं कारण असं की गेल्या मोसमात प्लेऑफमधली एक लढत मी सोमवारी रात्री हरलो. माझा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ऐनवेळी बसला आणि त्याच्या जागी घालायला कोणी उरलंच नव्हतं, कारण बाकावरचे सगळे रविवारी दुपारी खेळून मोकळे झाले होते. तेव्हा बाकी काहीही विसरा, पण हे विसरू नका: ज्याच्या नावापुढे ‘क्यू’ (‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळेलच असं नाही) आहे, त्याच्याच वेळेला किंवा त्याच्यानंतर खेळणारा माणूस आपल्या बाकावर हवा. हे मी पुढेही सांगणार आहे, कंटाळू नका.

आधी लीगचे नियम वाचा. ड्राफ्टच्या दिवशी वाचले असतील तरी पुन्हा वाचा. झेलाला गुण आहेत का, अर्धा आहे का, अजिबात नाही, यावर अख्खी लाइनअप (त्या आठवड्याला खेळवायचे खेळाडू) बदलते. २०२३ च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिस रॅम्सच्या पुका नाकुआने, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेल्या नवख्या रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने), सिअॅटलमध्ये १० झेल घेऊन ११९ यार्ड काढले. टचडाउन (चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे नेणं) एकही नव्हता. साध्या पद्धतीत, म्हणजे झेलाला गुण नसताना, त्याचे ११.९ गुण झाले आणि पीपीआरमध्ये, म्हणजे दर झेलाला एक गुण असताना, २१.९. खेळ तोच, पण एका लीगमध्ये तो बरा खेळाडू आणि दुसरीत आठवडा जिंकून देणारा. क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्याने) फेकलेल्या टचडाउनला ४ गुण आहेत की ६, हेही बघा. सहा असतील तर पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा वरचष्मा थोडा कमी होतो.

नियमांत आणखी एक गोष्ट शोधा: सामनाच रद्द झाला तर काय? २ जानेवारी २०२३ च्या सोमवारी सिनसिनाटीत बफलो बिल्स आणि बेंगल्स यांच्या सामन्यात डमार हॅमलिनचं हृदय मैदानावरच थांबलं. सामना आधी थांबवला गेला, नंतर रद्द झाला. तो बचावला आणि पुढच्या मोसमात पुन्हा खेळला, यापेक्षा मोठं त्यात काही नाही. पण तो सतरावा आठवडा होता, म्हणजे असंख्य लीगमध्ये अंतिम सामना, आणि जॉश अॅलन, जो बरो, जमार चेस अशी त्या सामन्यातली नावं ज्यांच्या संघात होती त्यांच्यातल्या कित्येकांच्या लीगमध्ये नियमच नव्हता. तशा घटनेनंतर लोकांनी गुणांवरून भांडावं हे वाईट. नियम आधीच लिहून ठेवा, विषय संपतो.

मंगळवार वेव्हरचा, म्हणजे कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंवर बोली लावायचा. बहुतेक ठिकाणी बोली मंगळवारी रात्री उशिरा किंवा बुधवारी पहाटे निकाली निघते, म्हणून मंगळवारी जेवण झाल्यावर बसायचं. गेल्या आठवड्यात कोणी किती गुण केले यावर जाऊ नका. कितीदा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला आणि तो किती स्नॅप (खेळी) मैदानात होता, हे बघा. नाकुआकडे त्या पहिल्या सामन्यात १५ वेळा चेंडू फेकला गेला होता. ती संख्याच सांगत होती की हा एका दिवसाचा चमत्कार नाही. उलट ७० यार्डांचा एकच झेल घेऊन पहिल्या पानावर आलेल्या पोरावर बजेट उधळू नका. शंभर डॉलरचं काल्पनिक बजेट असेल तर मोसमाच्या सुरुवातीला सढळ हाताने बोली लावा, कारण सप्टेंबरमध्ये मिळालेला खेळाडू तीन महिने वापरता येतो. नोव्हेंबरमध्ये शिल्लक राहिलेल्या डॉलरला कोणी विचारत नाही.

बाय वीक, म्हणजे संघाचा सुट्टीचा आठवडा, पाहिलात? पाहिलाच असेल.

आता दुखापतींचा अहवाल, इथे घाई करू नका. रविवारी खेळणारे संघ बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस सरावाचा अहवाल देतात: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. तिशीतला खेळाडू बुधवारी सरावाला नसेल तर बहुधा विश्रांती असते, जीव टांगणीला लावू नका. शुक्रवारी नसेल तर मात्र काळजी करा. सोमवारी रात्री खेळणाऱ्या संघांचं हेच वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं, त्यामुळे त्यांचा अंतिम शिक्का शनिवारी लागतो. शुक्रवारी संध्याकाळी लाइनअप लावून जो निर्धास्त झाला, त्याला हे कळतच नाही. आणि पूर्वी ‘प्रोबेबल’ नावाचा एक शिक्का असायचा, तो २०१६ पासून काढून टाकला. म्हणून आता नक्की खेळणारा आणि खरोखर लंगडणारा, दोघेही ‘क्वेश्चनेबल’ या एकाच शिक्क्याखाली येतात. ‘क्यू’ हे अक्षर पाहून काहीच कळत नाही. बातमी वाचावी लागते, आणि बातमी वाचूनही पर्याय ठेवावाच लागतो.

पर्याय का, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ९ सप्टेंबर २०२४ चं. मोसमाचा पहिलाच सोमवार, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स विरुद्ध न्यूयॉर्क जेट्स. ख्रिश्चन मॅककॅफ्री, त्या वर्षी कितीतरी लीगमध्ये सगळ्यांत पहिला उचललेला खेळाडू, ‘क्वेश्चनेबल’ होता. तो खेळेल असंच आठवडाभर वाटत होतं. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी आली आणि त्यात त्याचं नाव. त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने २८ वेळा चेंडू नेऊन १४७ यार्ड काढले, वर एक टचडाउन. ज्यांनी मेसनला बाकावर ठेवलं होतं त्यांनी दोन मिनिटांत अदलाबदल केली आणि जवळजवळ काहीच गमावलं नाही. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी बाजारात त्या एका सामन्यातले उरलेसुरले होते. बाकीचे सगळे सामने संपलेले होते.

म्हणजे सूत्र काय? रनिंग बॅकला ‘क्यू’ असेल आणि सामना उशिराचा असेल, तर त्याच संघातला त्याच्या मागचा रनिंग बॅक उचला. तो त्याच वेळेला खेळतो आणि पहिला बसला तर काम त्यालाच मिळतं. रिसीव्हरच्या बाबतीत काम एकाकडे जात नाही, वाटलं जातं, म्हणून तिथे त्याच रात्री किंवा नंतर खेळणारा कुठलाही बरा रिसीव्हर चालेल. बाकावर जागा नसेल तर दुसरा किकर (पायाने चेंडू मारणारा), दुसरा टाइट एंड (अडवणारा आणि झेलही घेणारा), जो काही हौसेने धरून ठेवला असेल तो सोडा. आणि हे शनिवारीच करा. सोमवारी संध्याकाळी दीड तास उरलेला असताना लीगमधले आणखी चार जण त्याच माणसाच्या मागे असतात.

फ्लेक्सची जागा याच कारणासाठी महत्त्वाची. तिथे रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड, कोणीही चालतो, म्हणून ती शेवटपर्यंत मोकळी ठेवण्याची जागा आहे. गुरुवारी रात्री खेळणारा रिसीव्हर चुकूनही फ्लेक्समध्ये ठेवू नका, त्याला रिसीव्हरच्या जागेत टाका. सामना सुरू झाला की खेळाडू त्या जागेत कुलूपबंद होतो. फ्लेक्समध्ये सर्वांत उशिरा खेळणारा असला, की तो बसला तरी तिन्ही प्रकारांतला कोणीही तिथे घालता येतो. याला एक पैसा लागत नाही, डोकंही लागत नाही, फक्त गुरुवारी दोन मिनिटं लागतात. तरी दर आठवड्याला निम्मी लीग हे करत नाही.

प्रतिस्पर्ध्याची लाइनअप बघा. बरेच जण फक्त स्वतःची बघतात, त्यामुळे इथे थोडा फायदा पदरात पडतो. तुमचा संघ वरचढ असेल तर सरळ, सातत्याने गुण देणारे खेळाडू घ्या. कमकुवत असाल तर सातत्याने हरण्यात अर्थ नाही. एखाद्या दिवशी तीस गुण करणारा आणि एरवी चार करणारा घ्या. कमकुवत बाजूला आपल्या क्वार्टरबॅकबरोबर त्याचाच रिसीव्हर लावणं फायद्याचं असतं, एका टचडाउनचे गुण दोन्हीकडून येतात. उलट तुम्ही वरचढ असाल आणि समोरच्याकडे एखादा क्वार्टरबॅक असेल, तर त्याचाच रिसीव्हर तुमच्याकडे असू द्या. त्याचा मोठा दिवस तुमच्याही खात्यात जमा होतो. आणि समोरच्याचा क्वार्टरबॅक बायवर असेल, बाजारात एकच बरा क्वार्टरबॅक असेल, तर तो उचलून बाकावर बसवा. यात गैर काही नाही.

सट्टेबाजांचे आकडे पैसे न लावताही कामाला येतात. एकूण गुणांचा अंदाज ४८ आणि एक संघ ६ गुणांनी वरचढ, तर त्या संघाचे २७ आणि दुसऱ्याचे २१ धरा. २७ वाल्यांचे खेळाडू लावा, आणि ज्या संघाचा असा हिशोब १७ वरच थांबतो त्याच्या दुय्यम रिसीव्हरपासून लांब राहा. अॅपमध्ये खेळाडूच्या नावापुढे येणाऱ्या अंदाजापेक्षा मला हे जास्त पटतं.

हवामानात पाऊस आणि बर्फाला लोक उगाच घाबरतात. घाबरायचं ते वाऱ्याला. ६ डिसेंबर २०२१ ला बफलोमध्ये इतका वारा होता की न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी संपूर्ण सामन्यात फक्त ३ पास फेकले आणि १४–१० ने जिंकले. त्या रात्री पेट्रियट्सचा रिसीव्हर लावलेल्याचा आठवडा तिथेच संपला. ताशी वीस मैलांच्या वर वारा दिसला तर किकर बदला, लांब पासवर जगणारा रिसीव्हर बदला. डेट्रॉइट, मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स इथे छत आहे, तिथलं हवामान पाहत बसू नका.

कॅलेंडर. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सामना रात्री सुरू होत नाही, डेट्रॉइटचा पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारीच सुरू होतो, मग डॅलस, मग रात्री तिसरा. २०२३ पासून शुक्रवारीही एक असतो. नाताळ तर कुठल्याही वारी येतो. २०२० मध्ये तो शुक्रवारी आला आणि न्यू ऑर्लिन्सच्या अॅल्विन कमाराने मिनेसोटाविरुद्ध धावून सहा टचडाउन केले, १९२९ चा अर्नी नेव्हर्सचा विक्रम गाठला. फायनलच्या आठवड्यात ज्याने ‘रविवारी बघू’ म्हटलं असेल त्याने काय गमावलं, विचार करा. २०२४ मध्ये नाताळ बुधवारी होता, सतराव्या आठवड्यात, म्हणजे वेव्हर पहाटे आणि सामने त्याच दुपारी. लंडन, जर्मनीतले सामने पूर्व किनाऱ्यावर सकाळी साडेनऊला सुरू होतात, कॅलिफोर्नियात साडेसहाला. तिकडच्यांनी रात्रीच लाइनअप लावून झोपावं.

दिवाळीला घरी जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, आपली जात नाहीत. आदल्या रविवारपर्यंत रात्री साडेदहाला सुरू होणारे सामने त्या दिवसापासून साडेअकराला. न खेळणाऱ्यांची यादी नऊऐवजी दहाला. पुण्यात फराळाच्या गडबडीत असाल तर फोनवर गजर लावा, आठवणीवर राहू नका.

रविवार सकाळ. पूर्व किनाऱ्यावर साडेअकराला यादी येते, तेव्हा फोन हातात हवा. मुलांचा क्लास, देऊळ, किराणा, जे काही असेल ते त्यानुसार ठरवा. दुपारच्या चारच्या सामन्यांची यादी अडीचच्या सुमारास येते, तीही बघा. एकचे सामने सुरू होण्याआधी एकदा स्वतःला विचारा: रविवारी रात्री आणि सोमवारी माझं कोण आहे, त्यातला कोणी ‘क्यू’ आहे का, आणि तो बसला तर कोण? तिसऱ्या प्रश्नाला नाव नसेल, तर ‘क्यू’वाल्याला आत्ताच बसवा आणि एक वाजता खेळणारा धडधाकट माणूस लावा. थोडे कमी गुण पत्करा, शून्य नको.

किकर, डिफेन्स (एखाद्या संघाचा अख्खा बचाव): उरलेला कोणीही.

सोमवार. पुढे असाल, समोरच्याचे सगळे खेळून झाले असतील आणि तुमचा फक्त डिफेन्स उरला असेल, तर तो काढून बाकावर ठेवा. ३५ किंवा जास्त गुण खाल्ले तर अनेक लीगमध्ये डिफेन्सला उणे गुण मिळतात. मोकळी जागा चालते की नाही, नियमात बघून घ्या. मागे असाल तर आहे तो लावा. आणि संध्याकाळी पावणेसातला यादी उघडा. सव्वाआठच्या सामन्याची ती तेव्हाच येते.