अमेरिकेत एम.एस. करताना ३.० जीपीएचा नियम : पहिल्या सत्राचा अनुभव

पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेताना उत्तीर्ण होण्याची एक रेषा माझ्या मनात पक्की बसली होती. शंभरात चाळीस गुण मिळाले की विषय सुटतो. नाही मिळाले तर एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात जाता येते आणि राहिलेला विषय नंतर काढता येतो. अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठात एम.एस.साठी दाखल झालो तेव्हाही मी याच रेषेच्या हिशेबाने अभ्यास करत होतो. पहिल्या सत्रात मी एकाही विषयात नापास झालो नाही, तरीही सत्र संपल्यावर ‘अकॅडेमिक प्रोबेशन’चे, म्हणजे घसरलेल्या सरासरीबद्दल ताकीद देणारे पत्र आले. उत्तीर्ण असणे आणि ‘गुड स्टँडिंग’मध्ये, म्हणजे विद्यापीठाची किमान सरासरी राखून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पत्राने कळले. नव्याने जाणाऱ्यांना ते प्रवेशापूर्वीच कळावे, म्हणून हा अनुभव आकड्यांसह मांडतो आहे.

बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याचा एकत्रित जीपीए (सर्व विषयांतील श्रेणींची सरासरी) ३.० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. प्रचलित मोजणीत ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३ आणि सी म्हणजे २.० धरतात, दशांशात विद्यापीठागणिक थोडा फरक पडतो. प्रत्येक श्रेणीचा हा आकडा त्या विषयाच्या क्रेडिटने (विषयाला ठरवून दिलेल्या भाराने) गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला एकूण क्रेडिटने भागायचे, की जीपीए निघतो. याचा अर्थ असा की ३.० टिकवायला बी ही किमान श्रेणी आहे आणि तिच्याखालची प्रत्येक श्रेणी सरासरी खाली ओढते. शिवाय सी मायनस, आणि काही विभागांत सी देखील, पदवीसाठी धरत नाहीत. क्रेडिट हाती येत नाही, श्रेणी मात्र सरासरीत मोजली जाते.

माझे तीन विषय प्रत्येकी तीन क्रेडिटचे होते. त्यांत ए मायनस, बी मायनस आणि सी प्लस मिळाले. बेरीज ८.७, तिला तीनने भागले की २.९. ही तूट किरकोळ वाटते, आणि त्या टप्प्यावर ती खरोखरच भरून निघण्याजोगी होती. नऊ क्रेडिटचे माझे (८.७ गुणिले ३) २६.१ गुणांक झाले होते. अठरा क्रेडिटनंतर ३.० साठी ५४ हवे होते. म्हणजे दुसऱ्या सत्रात २७.९ मिळवायचे होते. एक बी प्लस आणि दोन बी मिळाले तर नेमके तेवढेच होतात. हाच २.९ चा आकडा सत्तावीस क्रेडिटनंतर असता आणि तीस क्रेडिटच्या पदवीतला एकच विषय उरला असता, तर त्या विषयात ए मायनसही पुरला नसता, पूर्ण ए च लागला असता. सुरुवातीची घसरण सावरता येते आणि शेवटची जवळजवळ सावरता येत नाही, याचे कारण या भागाकारातच आहे. म्हणून दर सत्राच्या मध्यावर स्वतः कागदावर हा हिशेब करावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

सी प्लस मिळालेल्या विषयाची लक्षणे मला ऑक्टोबरमधील मध्यसत्र परीक्षेतच दिसली होती. तो विषय सोडून द्यावा असे मनात आले आणि बरोबरच्या एका मुलाने संगणकावर दोन मिनिटांत ‘ड्रॉप’ कसे करायचे तेही दाखवले. ते मी केले नाही, हे त्या सत्रातले माझे एक चांगले पाऊल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला पूर्णवेळ अभ्यासक्रम घेणे बंधनकारक असते आणि पदव्युत्तर पातळीवर विद्यापीठे तो सहसा नऊ क्रेडिटचा ठरवतात. परवानगीवाचून सहा क्रेडिटवर आलो असतो, तर अभ्यासाचा प्रश्न बाजूला राहून सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद आणि देशातले वास्तव्यच अडचणीत आले असते. मात्र त्या वेळी मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात गेलोच नाही, ही माझी खरी चूक. तिथल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ‘रिड्यूस्ड कोर्स लोड’ (पूर्णवेळेपेक्षा कमी क्रेडिट घेण्याची सवलत) मंजूर करण्याचा अधिकार असतो. शिकवण्याच्या अमेरिकी पद्धतीची सवय नसणे किंवा चुकीच्या पातळीचा विषय निवडला जाणे, ही सुरुवातीच्या काळातली कारणे त्यासाठी ग्राह्य असतात. निम्मा भार तरी ठेवावा लागतो, पुढच्या सत्रात पुन्हा पूर्णवेळ व्हावे लागते, आणि अभ्यासातील अडचणीसाठी ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते. मंजुरी आधी आणि विषय सोडणे नंतर, हा क्रम कधीही उलटू देऊ नये.

पहिल्या काही दिवसांत सोडलेल्या विषयाची गुणपत्रिकेवर खूणही राहत नाही. त्यानंतर ठरलेल्या तारखेपर्यंत सोडला तर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉन, म्हणजे विषय सोडला) लागतो. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. आपल्याकडील मुलांना गुणपत्रिकेवर असे अक्षर दिसणे कमीपणाचे वाटते, मलाही वाटत असे; पण एका सी प्लसने जे ओझे पुढची दोन सत्रे वाहायला लावले, त्यापुढे एक डब्ल्यू काहीच नव्हता, हे माझे आजचे ठाम मत आहे.

प्रोबेशनचे पत्र म्हणजे हकालपट्टी नव्हे. सहसा एक सत्राची मुदत मिळते. तेवढ्यात जीपीए ३.० वर आला नाही, तर विद्यापीठ प्रवेश रद्द करू शकते. अनेक ठिकाणी टीए किंवा आरएची (अध्यापन किंवा संशोधन सहायकाची) नेमणूकही याच अटीवर टिकते, त्यामुळे शुल्कमाफी आणि दरमहाचे मानधन दोन्ही धोक्यात येतात. मी पत्र मिळाल्यावर आठवडाभर कोणालाच काही सांगितले नाही. मग सल्लागार प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी माझी दुसऱ्या सत्राची यादी समोर घेतली, दोन अवघड विषय एकत्र येत होते त्यांतला एक तिसऱ्या सत्रात ढकलला आणि त्याजागी प्रकल्पावर आधारित विषय सुचवला. ती अर्ध्या तासाची भेट ऑक्टोबरमध्ये झाली असती तर पत्र आलेच नसते.

पुनर्मूल्यांकनाच्या सवयीबद्दलही एक सांगायला हवे. ठरावीक शुल्क भरून उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवण्याची सोय तिथे नाही. श्रेणी प्राध्यापक देतात, आणि तिच्याविरुद्धचा अर्ज मुदतीच्या आत, मूल्यमापन मनमानीने किंवा अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेल्या पद्धतीला सोडून झाले असे दाखवता आले तरच टिकतो. कष्ट खूप केले, हे कारण चालत नाही. आजारपणामुळे काम अपुरे राहिले तर प्राध्यापक ‘इनकम्प्लीट’ देऊ शकतात, पण ठरलेल्या तारखेपर्यंत ते पूर्ण केले नाही तर अनेक विद्यापीठांत त्याचा आपोआप एफ (नापास) होतो. ती तारीख लेखी मागून घ्यावी.

दुसऱ्या सत्रात मला एक ए मायनस आणि दोन बी प्लस मिळाले. एकत्रित जीपीए ३.१७ वर आला आणि जूनमध्ये प्रोबेशन उठल्याचे दोन ओळींचे पत्र आले.